रंगांचे कूळ शोधणारा माणूस

आपल्या शेतकऱ्याने पिकावरच्या बुरशीला नावे दिली ती बहुतेक रंगावरून. गव्हाच्या पानावर तांबूस पूड उठली की तो तांबेरा. द्राक्षाच्या घडावर राखेसारखा थर बसला की ती भुरी. पान काळवंडले की काजळी. खरिपाची ज्वारी ऐन दाणा भरताना पावसात सापडली, की कणीस काळे पडते, कधी त्यावर गुलाबी झाक येते, आणि मग मोंढ्यात त्या ज्वारीला कोणी विचारत नाही. ही काळी-गुलाबी झाकही बुरशीचीच. बुरशी म्हणजे नासाडी हे आपल्या मनात इतके पक्के बसले आहे, की तिचा रंग डोळ्यांना दिसतो, पण तो कामाचा असेल असे मनात येत नाही. स्वयंपाकघरात मात्र आपण तिला नकळत मान दिला आहे. गोड्या मसाल्यातले दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांनी मांडलेला एकत्र संसार. युरोपात या दगडफुलाच्याच काही भाऊबंदांपासून शतकानुशतके जांभळा रंग काढला जात असे. शाळेच्या प्रयोगशाळेतला लिटमस कागदही त्याच घराण्यातला.

या बुरशीकडून आता कारखान्यांना रंग हवा आहे. कारण सरळ आहे. झाडाचा रंग हवा तर जमीन लागते, पाऊस लागतो, हंगामाची वाट पाहावी लागते. बुरशी पोलादी टाकीत, साखरेच्या पाण्यावर, हवा आणि ऊब सांभाळली की काही दिवसांत वाढते. तिला दुष्काळ ठाऊक नाही. चीन-जपानात तांदळावर मोनॅस्कस नावाची बुरशी वाढवून लाल तांदूळ करण्याची रीत फार जुनी आहे. ब्लेकस्लिया या बुरशीपासून टाकीत तयार केलेल्या बीटा कॅरोटीनला, म्हणजे गाजराच्या केशरी रंगाला, या शतकाच्या आरंभी युरोपात खाद्यरंग म्हणून मान्यता मिळाली. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या औद्योगिक पट्ट्याला टाकीतले आंबवणे नवे नाही. इथे बिअर बनते, औषधे बनतात. जिल्ह्यात मका आहे, ज्वारी आहे. तेव्हा बुरशीचा रंग हा विषय दूरच्या देशातला राहिलेला नाही.

पण रंग मिळाला म्हणजे काम झाले का? तो धुण्यात टिकेल का, उन्हात उडेल का, पोटात गेला तर काय करेल, आणि त्याच्याबरोबर नको असलेले आणखी काही येत तर नाही ना, हे कोण सांगणार? मी अनेक वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. या प्रश्नांशी आलो, की माझ्यापुढे एकच नाव उभे राहते. डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन. नोबेल मिळवणारे सर चंद्रशेखर वेंकट रामन ते हे नव्हेत, हे आधीच सांगितलेले बरे, कारण नावाचा घोटाळा वर्गातही नेहमी होत असे. हे वेंकटरामन रंगांचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या कर्तृत्वाची मोठी वर्षे महाराष्ट्रात गेली, मुंबईत आणि पुण्यात. रसायनशास्त्राच्या जगात त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. आपल्या घराघरांत मात्र ते पोहोचायला हवे होते तितके पोहोचले नाही.

मद्रास ते मँचेस्टर

वेंकटरामन यांचा जन्म ७ जून १९०१ चा, मद्रासचा. शिक्षण तिथल्याच प्रेसिडेन्सी कॉलेजात झाले. एम.ए. झाल्यावर मद्रास सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९२० च्या दशकात ते मँचेस्टरला गेले. त्या काळी मँचेस्टर म्हणजे कापडाची राजधानी. आपल्याकडचा कापूस तिथे जाई आणि रंगीत कापड होऊन परत येई.

रंगांचे जग तोवर पार उलटेपालटे झाले होते. १८५६ मध्ये विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाने डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग बनवला, आणि त्यानंतर पन्नास वर्षांत मंजिष्ठेचा लाल आणि निळीचा निळा हे दोन्ही रंग प्रयोगशाळेत तयार झाले. जर्मन कंपनीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहार-बंगालातल्या निळीच्या मळ्यांचा बाजार बसला. १९१७ च्या चंपारणच्या लढ्यामागे निळीची जी सक्ती होती, तिच्या शेवटच्या पर्वाला या कारखानी निळीची पार्श्वभूमी आहे. आपल्या भागात पैठणी आणि हिमरू विणणाऱ्यांच्या रंगाच्या कढयांतही हळूहळू डब्यातली पूड आली. एका रेणूची रचना परदेशात कळली आणि इकडे गावेच्या गावे बदलली. रंगाचे रसायन हा केवळ पुस्तकी विषय नव्हता, तो पोटापाण्याचा विषय होता.

मँचेस्टरला वेंकटरामन यांना गुरू लाभले ते रॉबर्ट रॉबिन्सन. फुलांच्या पाकळ्यांतले रंग आणि वनस्पतींतली द्रव्ये यांची रचना उलगडण्यात त्यांचा हातखंडा होता. पुढे १९४७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रॉबिन्सन यांचे गुरू कोण, तर जांभळा रंग शोधणाऱ्या पर्किन यांचेच थोरले चिरंजीव, धाकटे विल्यम पर्किन. त्या घरातली आणखी एक गोष्ट मला फार सूचक वाटते. बापाने पहिला यशस्वी कृत्रिम रंग बनवला, आणि त्याच्याच दुसऱ्या मुलाने, आर्थर जॉर्ज पर्किन यांनी, झाडापानांतल्या नैसर्गिक रंगांच्या अभ्यासात आयुष्य घालवले. कृत्रिम आणि नैसर्गिक यांच्यात आज आपण जी भिंत उभी करतो, ती त्या घरात नव्हती. वेंकटरामन यांच्या गुरुपरंपरेतच दोन्ही एका ताटात जेवत होते.

मायदेशी परतल्यावर काही काळ बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काढून ते लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवू लागले. साधने बेताची, प्रयोगशाळा लहान. तिथेच १९३३ च्या सुमारास त्यांच्या हातून ती रासायनिक क्रिया सापडली, जी आज जगभरचे विद्यार्थी बेकर-वेंकटरामन या जोडनावाने शिकतात. इंग्लंडमधल्या विल्सन बेकर यांना त्याच सुमारास ती स्वतंत्रपणे सापडली होती. सोप्या शब्दांत सांगायचे, तर रेणूचा एक तुकडा आपली जागा सोडून त्याच रेणूतल्या शेजारच्या जागी जाऊन बसतो, आणि त्यातून झाडांतल्या पिवळ्या रंगांचा सांगाडा, म्हणजे फ्लेव्होन, सहज तयार करता येतो. वर्गात हे नाव फळ्यावर लिहिले, की बेकर हे नाव मुले मुकाट्याने उतरवून घेत. वेंकटरामन लिहिले की मान वर होई. आपल्या माणसाचे नाव क्रियेला असू शकते, हे त्यांच्या लक्षात येई. तेवढ्याने तासाचा रंग बदलत असे.

मुंबईची शाळा

मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. जुन्या पिढीला तो यूडीसीटी या नावाने ठाऊक आहे. पुढे माटुंग्याला त्याची इमारत झाली, आणि २००८ पासून ती संस्था स्वतंत्र विद्यापीठाच्या दर्जाने इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी म्हणून ओळखली जाते. सुरुवात झाली ती दोन विषयांनी, कापडाचे रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. गिरणगावाच्या शहरात हे साहजिकच होते. वेंकटरामन १९३४ मध्ये तिथे आले आणि १९३८ मध्ये विभागाचे संचालक झाले. त्या जागेवर बसणारे ते पहिले भारतीय.

तेव्हाची स्थिती अशी, की मुंबईच्या गिरण्यांत कापड आपले, कामगार आपले, पण रंगाचा डबा जर्मनीचा, स्वित्झर्लंडचा नाही तर इंग्लंडचा. डब्यावर नाव आणि क्रमांक असे. आत काय आहे हे कंपनीच्या तिजोरीत. महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन माल बंद पडला. त्या तुटवड्याने रंगाचे परावलंबन सगळ्यांनाच दाखवून दिले. डबा विकत घेता येतो, पण त्यातला रेणू समजला नसेल, तर आपण फक्त गिऱ्हाईकच राहतो.

वेंकटरामन यांनी मुलांना तो डबा उघडायला शिकवले. रंग घ्यायचा, शुद्ध करायचा, त्याचे तुकडे करायचे, तुकडे ओळखायचे, आणि मग मूळ रेणू कसा असेल हे मांडून तो स्वतः बनवून पाहायचा. वरवर कंटाळवाणे काम. पण याच कामातून पुढे कारखाने चालवणारी, प्रयोगशाळा सांभाळणारी एक पिढी तयार झाली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत विदर्भातल्या कारंज्याचे बाळ दत्तात्रेय टिळक होते, जे पुढे पुण्यात त्यांच्याच खुर्चीवर बसले. स्वातंत्र्यानंतर गुजरातेत अतुल, महाराष्ट्रात कल्याण-ठाण्याच्या पट्ट्यातले रंगांचे कारखाने उभे राहिले, तेव्हा अशी तयार माणसे हाताशी होती.

युद्ध संपल्यावर विजेत्या राष्ट्रांनी जर्मन रंगउद्योगाची गुपिते तपासली आणि त्यांचे अहवाल छापले. हजारो पाने, विस्कळीत, कुठे त्रोटक तर कुठे चुकीची. जगभर विखुरलेले शोधनिबंध आणि पेटंट यांच्या जोडीला ही सामग्री चाळून, पारखून वेंकटरामन यांनी कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. १९५२ मध्ये तो न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाला. हजाराहून अधिक पाने. त्याचे रशियन भाषांतर झाले. पुढे ठिकठिकाणच्या तज्ज्ञांना हाताशी धरून त्यांनी हे काम वाढवत नेले आणि १९७८ पर्यंत आठ खंड पुरे केले. गुपितांवर चालणाऱ्या धंद्याचे उघडे पुस्तक मुंबईच्या एका प्राध्यापकाने लिहावे, यातली गंमत आजही कमी झालेली नाही.

पुणे आणि लाखेचे लाल पाणी

पुण्याच्या पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. पहिले संचालक जेम्स मॅकबेन, दुसरे जॉर्ज फिंच, ज्यांनी १९२२ च्या मोहिमेत प्राणवायूच्या नळ्या पाठीवर घेऊन एव्हरेस्ट चढण्याचा प्रयत्न केला होता. दोघेही परदेशी. १९५७ मध्ये वेंकटरामन तिसरे आणि पहिले भारतीय संचालक म्हणून आले आणि १९६६ पर्यंत त्यांनी ती जबाबदारी सांभाळली. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. परकीय चलनाची टंचाई होती, प्रत्येक रसायन बाहेरून आणणे परवडणारे नव्हते. रायगड जिल्ह्यात रसायनी इथे हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा सरकारी कारखाना निघाला तो याच दशकातला, रंग आणि औषधे यांना लागणारा कच्चा माल देशात व्हावा म्हणून.

आता कृत्रिम रंगांचा महाग्रंथ लिहिणारा हा माणूस उतारवयात काय करत होता, ते पाहा. तो फणसाच्या लाकडातला पिवळा रंग शोधत होता, तुतीच्या सालीतली द्रव्ये वेगळी करत होता, आणि लाखेच्या लाल पाण्यामागे लागला होता.

लाख आपल्याला महाभारतातल्या लाक्षागृहापासून ठाऊक. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे हजारोंनी बसतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच करतात. फांद्या खरवडून ती लाख कुटतात आणि पाण्याने धुतात. धुतल्यावर उरते ती राळ. मोहोर उठवायची लाख, लाकडाचे पॉलिश, जुन्या काळच्या ग्रामोफोनच्या तबकड्या, सगळे तिचेच. धुण्याचे पाणी मात्र गडद लाल असते. त्यातला रंग म्हणजे बायका पायाला लावत तो अळिता, आणि रेशीम-लोकर रंगवण्याचा एक जुना रंग. एके काळी राळेपेक्षा या रंगालाच मागणी होती. डब्यातले रंग आले आणि ते लाल पाणी गटारात जाऊ लागले.

एकोणिसाव्या शतकापासून जर्मन रसायनशास्त्रज्ञ या रंगाच्या मागे होते. त्याला लॅक्काइक आम्ल असे नाव मिळाले होते, पण रेणूची रचना काही हाती लागत नव्हती. अडचण अशी, की तो एक रंग नव्हताच. एकमेकांशी नाते सांगणाऱ्या अनेक रंगांचा तो घोळका होता. जत्रेत एकाच घरची पाच भावंडे एकसारख्या सदऱ्यात फिरावीत आणि आपण त्यांना एकच मुलगा समजावे, तसे झाले होते. वेंकटरामन आणि त्यांचे सहकारी, ज्यांत पुढे हैदराबादच्या रासायनिक संस्थेचे संचालक झालेले ए. व्ही. रामा राव हेही होते, यांनी १९६० च्या दशकात ती भावंडे एकेक करून वेगळी केली आणि त्यांच्या रचना मांडल्या. लॅक्काइक आम्ल ए, बी, सी, डी अशी त्यांची नावे आज पुस्तकांत आहेत. निवृत्तीनंतरही हे काम थांबले नाही. १९७७ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांनी संपादित केलेला रंग ओळखण्याच्या पद्धतींवरचा ग्रंथ आला. १२ मे १९८१ रोजी ते गेले.

त्या ग्रंथाचे मोल मला विशेष वाटते. १९९४ मध्ये जर्मनीने शरीराला घातक अमाइन सोडणाऱ्या ऍझो रंगांवर बंदी आणली, तेव्हा आपल्या निर्यातदारांची तारांबळ उडाली. १९९७ मध्ये भारतानेही अशा रंगांवर बंदी घातली. कापडातला रंग नेमका कोणता हे सांगता येणे ही तेव्हा कोट्यवधींच्या व्यापाराची बाब झाली होती. ज्याला रंगाचे कूळ सांगता येत नव्हते, त्याचा माल बंदरातून परत येत होता.

कूळ निघाले बुरशीचे

आता पुन्हा बुरशीकडे वळतो, कारण लाखेच्या गोष्टीला पुढे एक वळण आले. लाखेचा लाल रंग ज्या कुळातला, त्याला रसायनशास्त्रात अँथ्राक्विनोन म्हणतात. तीन कड्या शेजारी शेजारी जोडलेल्या, अशी त्याची साधी ओळख. मंजिष्ठेच्या मुळात हेच कूळ, रेवाचिनीच्या मुळात हेच. आणि हेच कूळ कितीतरी बुरश्यांत. लंडनचे हॅरल्ड रेस्ट्रिक यांनी १९३० च्या दशकातच गवतावरच्या, धान्यावरच्या बुरश्यांतून असे तांबडे-जांभळे रंग काढून दाखवले होते. मग किड्यात हा रंग आला कुठून, हा प्रश्न राहतोच. गेल्या काही वर्षांत भारतीय प्रयोगशाळांतल्या संशोधनातून त्याचे उत्तर पुढे आले आहे. लाखेच्या किड्याच्या शरीरात यीस्टसारखी एक बुरशी वस्तीला असते, आणि तो रंग घडवणारी जनुके किड्याकडे नसून त्या बुरशीकडे आहेत. हजारो वर्षे आपण ज्याला किड्याचा रंग म्हणत आलो, तो बुरशीचा निघाला. वेंकटरामन यांच्या हयातीत हे कळले नव्हते. पण त्यांनी रेणूची रचना चोख मांडून ठेवली होती, म्हणूनच हा धागा पुढच्यांना पकडता आला.

मोंढ्यात भाव न मिळणाऱ्या काळ्या ज्वारीचेही तसेच. दाणा काळा करणाऱ्या बुरश्यांपैकी एक कर्व्ह्युलारिया लुनाटा. तिच्यात याच कुळातले रंग असतात. १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या संशोधकांनी त्यातल्या सायनोडॉन्टिन नावाच्या द्रव्यापासून कापडाला लागणारे निळे-हिरवे रंग तयार करून दाखवले. आपल्या शेतात जी नासाडी आहे, तिच्यात एखाद्या कारखान्याचे बी असू शकते. अर्थात काळी ज्वारी गोळा केली की रंग मिळाला, असे नाही. त्यासाठी नेमकी बुरशी निवडून ती शुद्ध स्वरूपात वाढवावी लागते. असे वाण सांभाळण्याचे भांडार आपल्या राज्यातच आहे. औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह १९५१ पासून पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेत आहे, जिथे वेंकटरामन संचालक होते. तिथल्या काचेच्या नळ्यांत जिवाणू, बुरश्या आणि यीस्ट यांचे हजारो वाण जपलेले आहेत. आणि टाकीतल्या बुरशीचा अनुभवही इथे जुना आहे. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला आणि पेनिसिलियमची टाकी महाराष्ट्राला माहीत झाली. गंमत म्हणजे या बुरशीबरोबर येणारा पिवळा रंग ही पेनिसिलिन बनवणाऱ्यांची डोकेदुखी होती. औषध शुभ्र हवे म्हणून तो काढून टाकावा लागे. आता त्याच तऱ्हेच्या टाकीतून रंगच हवा म्हणून लोक धडपडत आहेत.

घरच्या माणसांनी यात लक्ष घालावे असा भाग पुढे आहे. २०२४ मध्ये तमिळनाडूने जत्रेतल्या गुलाबी म्हाताऱ्याच्या केसांवर, म्हणजे रंगीत कॉटन कँडीवर, बंदी घातली, कारण त्यात ऱ्होडामाइन बी हा कापडाचा रंग सापडला. पाठोपाठ कर्नाटकानेही कॉटन कँडी आणि गोबी मंचुरियन यांतल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एरिथ्रोसिन या लाल खाद्यरंगाची परवानगी काढून घेतली. आपल्याकडच्या २०११ च्या नियमांत ज्या आठ कृत्रिम खाद्यरंगांना ठरावीक प्रमाणात मुभा दिली गेली, त्यांत तोही होता. साहजिकच आईबाप पाकिटावर नैसर्गिक हा शब्द शोधू लागले आहेत, आणि कारखानदारही तो शब्द छापायला उत्सुक आहेत.

मला वाटते, इथेच वेंकटरामन यांच्या आयुष्याचा धडा उपयोगी पडतो. नैसर्गिक हा शब्द रंगाचे चारित्र्य सांगत नाही. लाल तांदळाच्या मोनॅस्कस बुरशीचेच घ्या. तिचे काही वाण रंगाबरोबर सिट्रिनिन नावाचे द्रव्यही करतात, आणि ते मूत्रपिंडाला अपायकारक आहे. म्हणूनच पूर्वेकडे शतकानुशतके खाल्ल्या जाणाऱ्या या रंगाला युरोप आणि अमेरिकेने खाद्यरंग म्हणून परवानगी दिलेली नाही. उलट ब्लेकस्लियाचे बीटा कॅरोटीन तपासण्यांतून उतरले आणि बाजारात आले. दोन्ही बुरश्याच, दोन्ही नैसर्गिक. फरक पडला तो सोबत काय येते हे तपासल्यामुळे. लाखेच्या लाल पाण्यात किती भावंडे आहेत हे शोधताना पुण्यात जे केले गेले, तेच इथे करावे लागते: वेगळे करा, ओळखा, मोजा, आणि मगच नाव द्या.

हे काम दिखाऊ नाही. त्याला पारितोषिकाचा झगमगाट नाही, आणि झटपट नफाही नाही. टाकी उभी करायला पैसा लागतो, तो मिळेल. बुरशी वाढवायला मका-ज्वारी लागेल, तीही आहे. कठीण आहे ते रंगाची प्रत्येक घाणी आधीच्या घाणीसारखीच उतरवणे, आणि तिच्यात नको ते काही नाही याची हमी देता येणे. अशी हमी देणारी माणसे एका रात्रीत तयार होत नाहीत. मुंबईच्या त्या विभागात डबा उघडून पाहण्याची सवय लावायला वेंकटरामन यांना तेवीस वर्षे द्यावी लागली.

त्यांचे विद्यार्थी बी. डी. टिळक १९६६ मध्ये त्यांच्या जागी पुण्याच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि निवृत्तीनंतर त्यांनी खेड्यांसाठी विज्ञान नेण्याचे काम हाती घेतले. पर्किनपासून निघालेली ही परंपरा रॉबिन्सन, वेंकटरामन, टिळक अशी आपल्या गावशिवारापर्यंत आलेली आहे. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत आज वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना तिचा पुढचा धागा सहज हाती घेता येईल. त्यासाठी काळ्या पडलेल्या कणसाकडे पाहून नाक मुरडण्याआधी एक प्रश्न विचारता आला पाहिजे: हा रंग कोणाचा, आणि याचे कूळ कोणते?